१३१ म्हणजे एडिंबरा, पण आयतात असेल तरच

नमस्कार. जुन्या ब्रिटिश तिकिटांवरच्या शिक्क्यात एक आकडा असे, आणि तो कोणत्या टपाल कचेरीचा ते सांगे. त्यावरच्या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही तीन हरकती घेतल्यात. "१३१ म्हणजे एडिंबरा" हे साफ चूक, कारण तुमच्या पेनी रेडवर (एक पेनीच्या लाल तिकिटावर) १३१ असूनही विक्रेत्याने ते तिकीट इंग्लंडातलं म्हणून दिलं. "बी ०१" म्हणजे उघड बॉम्बे, मी उगाच इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया लिहिलं. आणि तिकिटं पाकिटावरून सोडवू नका हा सल्ला अल्बम लावणाऱ्यांच्या काही कामाचा नाही.

पहिल्या हरकतीत चूक माझीच. मी नुसता आकडा दिला, आकार सांगितला नाही. १८४४ मध्ये इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंडला वेगवेगळे आकडे मिळाले, आणि तिन्हीकडे मोजणी १ पासूनच. म्हणून १३१ एकटा काहीच सांगत नाही. आकड्याभोवतीच्या रेघा आधी बघायच्या. रेघांचा लंबगोल असेल तर इंग्लंड-वेल्स, आयत असेल तर स्कॉटलंड, चौकट टोकावर उभी केल्यासारखी दिसली तर आयर्लंड. तुमच्या फोटोत आकड्याच्या वरची रेघ लांब आहे, तिच्या वरची आखूड, त्याहून वरची आणखी आखूड. म्हणजे लंबगोल. विक्रेता बरोबर आहे.

मग गाव कोणतं? इंग्लंडचे आकडे सुरुवातीला साधारण इंग्रजी वर्णक्रमाने वाटले होते: बर्मिंगहॅम ७५, ब्रिस्टल १३४, लिव्हरपूल ४६६, मँचेस्टर ४९८. त्यामुळे तुमचा १३१ ब्रिस्टलच्या शेजारचा, बहुधा "ब्र"ने सुरू होणाऱ्या गावाचा. पण एखादी कचेरी बंद पडली की तिचा आकडा पुढे दुसऱ्या गावाला देत असत, म्हणून तिकिटाचा काळ ठरल्याशिवाय मी नाव घेणार नाही. शिक्का पुसट असला तर सगळा अंदाजच, असंही तुम्ही म्हणता. मला तसं वाटत नाही. आकडा पुसला गेला तरी रेघांची टोकं बहुतेकदा उरतात. तिकीट उजेडात तिरकं धरा आणि भिंगातून फक्त टोकं बघा. ती सरळ एका ओळीत संपतात की वळत जातात, एवढ्यावरून देश कळतो.

"बी ०१" बद्दल मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. साधे आकडे पुरेनात तेव्हा ए, बी, सी लावून पुढची मोजणी केली. ती अक्षरं गावाची आद्याक्षरं नव्हेत. ए २६ जिब्राल्टर, सी ५१ वेस्ट इंडीजमधलं सेंट थॉमस. घोटाळा होतो तो एकट्या अक्षरांमुळे, कारण आकड्याविना नुसता "सी" खरंच कॉन्स्टँटिनोपलचा आणि "एम" माल्टाचा. मुंबईशी बी ०१ चं नातं आहे, पण वेगळं. सुएझ कालवा १८६९ मध्ये उघडला, त्याआधी विलायतेची डाक अलेक्झांड्रियाला उतरून जमिनीवरून सुएझला जायची आणि तिथून बोटीने मुंबईला यायची. त्या वाटेवरच्या ब्रिटिश टपाल कचेऱ्या म्हणजे अलेक्झांड्रियाची बी ०१ आणि सुएझची बी ०२. मुंबईत १८५४ पासून कंपनी सरकारची स्वतःची तिकिटं होती, तिथे हा शिक्का कशाला लागेल?

आता पाकिटाचं, आणि इथे मी अजिबात मागे हटणार नाही. १८४० च्या माल्टीज क्रॉसवर, म्हणजे आकड्यांच्या आधीच्या क्रॉसच्या आकाराच्या शिक्क्यावर, गावाचं नाव नाही, तारीख नाही. पहिला क्रॉस लाल होता. लाल शाई पुसून तिकीट पुन्हा वापरता येतं ही भीती होती, म्हणून १८४१ मध्ये तिकीट काळ्याचं लालसर झालं आणि शिक्का काळा. पण गाव आणि तारीख सांगणारा गोल शिक्का बहुतेक वेळा पत्राच्या मागच्या बाजूला मारलेला असे. तारखेचा गोल आणि आकड्याचा ठसा एकाच दांड्यावर जोडलेले शिक्के १८५० च्या दशकात आले, तोवर हे दोन्ही वेगवेगळेच. शाळेत असताना मी अशी तीन पत्रं कोमट पाण्यात टाकली. तिकिटं छान सुटली, कागद फेकून दिले. त्या तिघांवरचे क्रॉस आजही माझ्याकडे आहेत. कोणत्या गावचे, ते आता कधीच कळणार नाही.

त्या विक्रेत्याकडे त्याच गठ्ठ्यातली न सोडवलेली पत्रं उरली असतील तर मागच्या बाजूचे फोटो इथे टाका. तुमच्या १३१ चं गाव त्यातच सापडण्याची शक्यता आहे.