‘यजमानांना विचारून लिहावे’ : एका हितचिंतकांना उत्तर

हितचिंतक महोदय,

(नाव न लिहिता ‘आपला हितचिंतक’ अशी सही केलीत, म्हणून हाच मायना.)

नातवंडांच्या नावावरच्या ठेवींच्या व्याजावर आईबापांना कर भरावा लागतो, या माझ्या लेखावर तुम्ही चार वाक्यं लिहिलीत. ज्यांनी ती वाचली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. एक, आजोबांनी नातवाला दिलेला पैसा नातवाचा, त्याच्या व्याजाशी आईबापांचा संबंध नाही. दोन, दीड हजारांची सूट मी सरसकट सांगितली, ती नव्या करप्रणालीत मिळत नाही. तीन, वडिलोपार्जित जमिनीतला अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचा हिस्सा विकायला दर वेळी कोर्टाची परवानगी लागत नाही. आणि चौथं, जसंच्या तसं: ‘असले विषय यजमानांना किंवा एखाद्या सीएला विचारून लिहावेत, उगाच लोकांना घाबरवू नये.’

तुमचं दुसरं वाक्य बरोबर आहे. मुलाचं उत्पन्न आईच्या किंवा वडिलांच्या उत्पन्नात मिळवताना दर मुलामागे वर्षाला १,५०० रुपये वगळता येतात, पण फक्त जुन्या करप्रणालीत. मी ते लिहायला हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला यात फरक पडतो ३०० रुपयांचा आणि वर सेस, पण चूक ती चूक.

आता चौथं वाक्य. नुसतं ‘सीएला विचारा’ म्हणाला असतात तर मी मान डोलावली असती. पण तुमच्या वाक्यात आधी यजमान आले, सीए मागून.

तर माझ्या यजमानांविषयी. मिरजेत त्यांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणेश मंडळांचे अहवाल. शाई आणि कागद यांत त्यांचा हात धरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. प्राप्तिकराचं विवरणपत्र मात्र लग्नापासून आजतागायत त्यांचंही मीच भरते. १९८६ साली मी एका सहकारी बँकेत लागले, २०१९ साली निवृत्त झाले, आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षं ठेवींच्या काउंटरवर काढली. अज्ञान मुलांच्या ठेवींचे किती फॉर्म हाताखालून गेले याचा हिशेब नाही.

‘यजमानांना विचारा’ हे मला तिथेच पाठ झालं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. एक नर्सबाई लेकराला कडेवर घेऊन आल्या. पैसे त्यांच्या पगारातले, ठेव पोराच्या नावावर, पालक म्हणून सही त्यांची. आमचे साहेब म्हणाले, वडिलांची सही आणा. वडील आखातात. बाईंना परत पाठवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते केलं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’ असं म्हटलं आहे, आणि ‘नंतर’ म्हणजे वडील गेल्यावर, असाच अर्थ तेव्हा सगळे लावत. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रोखे घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे १९८४ साली अर्ज केला होता, त्यांच्याकडेही वडिलांची सही मागितली गेली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये निकाल लागला: ‘नंतर’ म्हणजे ‘वडिलांच्या गैरहजेरीत’. ते हयात असले तरी दूर असतील, लक्ष घालत नसतील किंवा दोघांचं तसं ठरलं असेल, तर आईच पालक. सातबाऱ्यावर ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञानाची पालनकर्ती आई, अशी नोंद दिसली की मला अजून त्या नर्सबाई आठवतात.

प्राप्तिकर कायदा या बाबतीत आधीपासूनच शहाणा निघाला. जुन्या कायद्याच्या कलम ६४(१ए) प्रमाणे अज्ञान मुलाचं उत्पन्न वडिलांच्या नव्हे, तर आईबापांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवतात. नवरा-बायकोचा काडीमोड झाला असेल तर मूल जो सांभाळतो त्याच्या. कमाई कुणाची जास्त एवढंच तो विचारतो, कुंकू कुणाच्या नावाचं ते नाही.

आमच्या घरात कमाई माझी जास्त होती. २००४ साली माझ्या वडिलांनी, अण्णांनी, गावाकडची जागा विकून तीन लाखांची ठेव माझ्या मुलाच्या नावावर केली. व्याज वर्षाला अठरा हजारांच्या घरात. तेव्हा मीही तुमच्यासारखाच विचार केला, हितचिंतक महोदय. पैसा अण्णांचा, ठेव नातवाची, मी मध्ये कोण? दोन वर्षं मी ते व्याज कुठेच दाखवलं नाही. काउंटरवर बसून लोकांना नियम सांगणारी मी. मग २००६ साली एका ठेवीदाराला समजावता समजावता माझीच जीभ अडखळली. दोन्ही वर्षांची विवरणपत्रं सुधारून भरली. वर्षाला तेहतीसशेच्या वर कर, शिवाय त्यावरचं व्याज. अण्णा चिडले. ‘मी पोराला दिले, सरकारला नाही,’ म्हणाले. तुमचं पहिलं वाक्य मी तेव्हाच ऐकलेलं आहे, आणि जास्त चांगल्या मराठीत.

तेव्हा त्या वाक्याचं उत्तर. आजोबांची भेट करमुक्तच असते, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न त्या भेटीवर दरवर्षी पिकणाऱ्या व्याजाचा आहे. तुमचं म्हणणं एके काळी खरंही होतं. पूर्वी आईबापांनी स्वतःचा पैसा मुलाच्या नावावर ठेवला तरच त्याचं उत्पन्न त्यांच्यात धरत, आजोबा-मामा-आत्याचा पैसा सुटायचा. मग घरोघरी आजोबा उदार झाले. १९९२ च्या वित्त कायद्याने ती फट बुजवली, आणि १९९३-९४ या करनिर्धारण वर्षापासून पैसा कुणी दिला हे पाहणंच बंद झालं. म्हणजे तुमची माहिती चुकीची नाही, तीस वर्षं शिळी आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला, त्यात कलमांचे आकडे बदलले, हे तत्त्व तसंच आहे.

अपवाद मी लेखात दिले होते, तुम्ही बहुधा तिथपर्यंत पोचला नाहीत. जुन्या कायद्याच्या कलम ८०यू मध्ये बसणारं अपंगत्व असलेल्या मुलाचं उत्पन्न मिळवत नाहीत. मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीने किंवा कलागुणांवर कमावलेलंही नाही. मालिकेत काम करणाऱ्या पोराचं मानधन त्याचं स्वतःचं, विवरणपत्र त्याच्या नावाने, सही पालकाची. पण तेच मानधन मुदत ठेवीत टाकलं की त्याचं व्याज पुन्हा आईच्या नाहीतर बापाच्या उत्पन्नात. हे ऐकून भलेभले चमकतात.

घाबरवण्याचं म्हणाल, तर सुकन्या समृद्धी आणि पीपीएफचं व्याज करमुक्त आहे, म्हणून ते मिळवूनही कर वाढत नाही, हेही त्याच लेखात आहे. फक्त पीपीएफमध्ये पालकाचं आणि मुलाचं खातं मिळून वर्षाला दीड लाखच भरता येतात. याने कुणाचा थरकाप उडाला असेल तर मी काय करणार?

राहिलं तिसरं, जमिनीचं. अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता पालकाने कोर्टाच्या परवानगीशिवाय विकली तर सज्ञान झाल्यावर मूल तो व्यवहार रद्द करून घेऊ शकतं, असं मी लिहिलं. एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्श्याला हा नियम लागत नाही, असं तुमचं म्हणणं. असेल. माझ्या डोळ्यांपुढे आजीने मृत्युपत्राने नातवाला दिलेला प्लॉट होता. लेखात तसं स्पष्ट लिहिलेलं नाही, ते मला माहीत आहे. पण तो लेख ठेवींवर होता, जमिनीवर नाही, आणि कर्त्याचे, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या प्रमुखाचे, अधिकार हा विषय एका प्रतिक्रियेत उरकण्याचा नाही. माझ्याही आणि तुमच्याही.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. पुढच्या वेळी नाव लिहिलंत तर बरं.

आणि हो, तुमच्या सूचनेप्रमाणे हे उत्तर टाकण्याआधी यजमानांना वाचून दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, ‘ते दीड हजारांचं मी तुला तेव्हाच विचारलं होतं.’