वॉलवर कॉपी-पेस्ट करून फोटो वाचत नाहीत

गणपतीची चवथ झाल्यापासून आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. आता तो निम्म्या मंडळाच्या फेसबुक वॉलवरही आहे: “उद्यापासून मेटाचा नवा नियम. तुमचे फोटो, डिलीट केलेले मेसेजसुद्धा त्यांना वापरता येतील. ‘मी परवानगी देत नाही’ हा मजकूर कॉपी करून टाका. रोम कायद्यानुसार कारवाई होईल. गप्प बसाल तर तुमची संमती धरली जाईल.” मेटा म्हणजे फेसबुक आणि व्हॉट्सॲपची मालक कंपनी. हा मजकूर टाकणारी सगळी माझी जवळची माणसं. त्यांची धास्ती खोटी नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“उद्यापासून.” हा ‘उद्या’ २०१२पासून वेगवेगळ्या भाषांत फिरतोय.

“रोम कायदा.” १९९८चा तो करार वंशसंहार आणि युद्धगुन्ह्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा आहे. गणपतीवर टांगलेल्या माटोळीच्या फोटोशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि भारताने त्यावर सहीही केलेली नाही.

“मी परवानगी देत नाही.” खातं उघडताना आपण ती देऊन बसलोय. फोटोची मालकी आपलीच राहते, पण तो जगभर, फुकटात वापरायचा आणि दुसऱ्यालाही वापरू द्यायचा परवाना त्या अटींमध्ये आहे. भाडेकरूने दारावर चिठ्ठी डकवली म्हणून भाडेकरार बदलत नाही. परवाना संपवायचा तर फोटो काढून टाकावा लागतो.

“डिलीट केलेले मेसेज.” व्हॉट्सॲपवरचं आपसातलं बोलणं एप्रिल २०१६पासून कुलूपबंद आहे, ते कंपनीला वाचता येत नाही. मात्र कोण, कोणाशी, कधी आणि कुठल्या फोनवरून बोललं, हे तिला कळतं.

“गप्प बसाल तर संमती.” आपला २०२३चा डेटा संरक्षण कायदा नेमकं उलट सांगतो: संमती स्पष्ट कृतीतूनच दिसली पाहिजे. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, संमतीची कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील. तोवर काहीच होत नाही असंही नाही. माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देणं सक्तीचं करणाऱ्या व्हॉट्सॲपच्या २०२१च्या धोरणावरून भारताच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४मध्ये मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला.

मला खरी काळजी वेगळीच आहे. या मजकुरात सगळी भीती ‘माझ्या’ फोटोंची आहे, आणि आपली माहिती बहुतेक वेळा दुसऱ्याच्या फोनमधून जाते. केंब्रिज ॲनालिटिका या ब्रिटिश राजकीय सल्लागार कंपनीकडे एका प्रश्नावलीच्या ॲपमधून फेसबुकवरच्या लोकांची माहिती गेली होती. भारतात ते ॲप घेतलं होतं ३३५ जणांनी. माहिती गेली असावी असं फेसबुकनेच २०१८मध्ये सांगितलं ती माणसं ५ लाख ६२ हजारांवर. बाकीच्यांनी काहीच केलं नव्हतं, ती फक्त कुणाच्या तरी मित्रयादीत होती. कॉपी-पेस्ट करून त्यातलं कोण वाचलं असतं?

परवा भजन आटोपल्यावर शेजारच्या काकूंच्या सोप्यावर बसलो होतो. त्यांना एका साड्यांच्या दुकानाची जाहिरात सारखी दिसायची. “फोन आमचं बोलणं ऐकतो रे,” त्या म्हणाल्या. जाहिरातीच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवलं आणि ‘ही जाहिरात का दिसते’ ते उघडलं. दुकानाने आपल्या ग्राहकांची यादी कंपनीकडे दिली होती, तीत काकू होत्या. बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग आठवलं: चवथीच्या खरेदीला काउंटरवरच्या मुलीने नंबर विचारला होता, बिलासाठी.

मग आम्ही सेटिंग्ज उघडल्या. अकाउंट्स सेंटरमध्ये इतर ॲप आणि वेबसाइटवरून मेटाकडे आलेली माहिती दिसते. ती पुसता येते, पुढे जोडली जाणंही बंद करता येतं. फेसबुकला दिलेली कॉन्टॅक्ट्सची परवानगी फोनच्या सेटिंगमधून काढली. आधी चढलेले नंबर मात्र वेगळे पुसावे लागतात, हे काकूंना पटेना, म्हणून ती यादीच उघडून दाखवली. मुंबईची भाची, गॅसवाला, डॉक्टर, मंडळातले सगळे. माझाही नंबर होता.