‘मनावर घेतलं की दारू सुटते, मीटिंगा कशाला?’

हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. दारू सोडायला फक्त निर्धार लागतो, एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या) मीटिंगा म्हणजे बेवड्यांनी बेवड्यांना ऐकवलेल्या रडकथा, तिथं देवाधर्माचं करतात, गेलात की गावभर बोभाटा होतो, आणि त्याचा उपयोग होतो असं कुठं सिद्ध झालंय? दाखल्याला एक काका आहेत, माळ घातली त्या दिवसापासून थेंब न घेतलेले. सगळ्यात खाली जेवणातून गुपचूप द्यायच्या पुडीची जाहिरात. निर्धार पुरतो तर पुडी कशाला, हे विचारायचं राहून जातं.

निर्धाराचं आधी बघू. पिणाऱ्याकडे तो नसतो हेच मुळात खोटं. गटारीला शेवटची म्हणून पिऊन अख्खा श्रावण कोरडा काढणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. बंद करणं त्यांना जमतं. बंद ठेवणं जमत नाही. सण सरले, संध्याकाळचे सात वाजले, पाय आपोआप गुत्त्याकडे वळले. त्या सात वाजता कुठं जायचं, याला मीटिंग हे एक उत्तर आहे. काकांचंही तसंच असावं. माळ घातली म्हणजे रोजचा हरिपाठ, एकादशी, भजनी मंडळ आणि आषाढीला दिंडी आली. चार माणसं रोज विचारणार, ‘काल दिसला नाहीत?’ काका एकट्यानं सुटले नाहीत, त्यांनाही गट होताच. फक्त त्याला कुणी ‘सपोर्ट ग्रुप’ म्हणत नाही.

‘आजच्या आज बंद करा’ हा सल्ला तर जिवावर बेतू शकतो. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-चार दिवसांत भास, बरळणं, ताप असा डिलिरियम ट्रेमेन्स होऊ शकतो. अशा माणसानं आधी डॉक्टर गाठावा. हे काम मीटिंगचं नाही.

रडकथांबद्दल. एएची सुरुवातच मुळी एका पिणाऱ्यानं दुसऱ्याशी बोलण्यातून झाली. 1935 साली बिल विल्सन हा वॉल स्ट्रीटवरचा माणूस धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्या ॲक्रनला गेला होता. काम फिसकटलं, हॉटेलातला बार खुणावू लागला. तेव्हा त्यानं फोन फिरवून आपल्यासारखाच कुणी मिळतो का ते शोधलं. मिळाले ते बॉब स्मिथ, पेशानं सर्जन. उपदेश दोघांनीही भरपूर ऐकला होता. या भेटीत मात्र कुणी कुणाला उपदेश केला नाही. आजही मीटिंगमध्ये ज्यानं त्यानं आपलंच सांगायचं असतं, समोरच्याला सल्ला द्यायचा नसतो. एका ओपन मीटिंगमध्ये (जिथं बाहेरच्यांनाही बसता येतं) मी बघितलं: चहा देणारा सगळ्यांना भरून कप देत होता आणि नव्या माणसाला मुद्दाम अर्धा. नव्या माणसाचे हात थरथरत होते, सांडला असता तर ओशाळला असता. हे तिथं कुणाला सांगावं लागत नाही.

देवाच्या आक्षेपात मात्र थोडं तथ्य आहे. एएच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूपासून दूर राहायच्या त्यांच्या वाटेत, देव आहे, प्रार्थनाही होते, आणि कट्टर नास्तिकाला ते खटकणार. पण शब्द आहेत ‘आम्हाला उमजला तसा’ देव. सभासदत्वाची अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. जागा चर्चच्या हॉलमध्ये असली म्हणजे धर्मांतर होत नाही. मीटिंगा शाळेच्या वर्गांतही भरतात. फी नाही, शेवटी डबा फिरतो, त्यात जमेल ते टाकायचं. तरी नाहीच पटलं तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीनं ते उभं केलं. उपचारानंतरच्या फॉलोअपवर त्यांचाही भर असतो.

बोभाट्याचं म्हणाल तर रिक्षावाल्यानं रात्री उचलून आणून सोडलेलं सोसायटीनं आधीच पाहिलेलं असतं. मीटिंगमध्ये पूर्ण नाव सांगावं लागत नाही, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही असा रिवाज आहे. लहान गावात ओळखीचं कुणी भेटण्याची धास्ती खरी आहे. तिथले लोक शेजारच्या तालुक्याला जातात किंवा ऑनलाइन मीटिंग धरतात. (आणि ओळखीचा भेटलाच, तर तोही त्याच कामाला आलेला असतो.)

उरला पुरावा. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेनं 2020 मध्ये 27 अभ्यास, म्हणजे 10,565 लोकांची माहिती, एकत्र तपासली. एएशी पद्धतशीर जोडून देणाऱ्या उपचारानंतर वर्षभरानं पूर्ण कोरडे असलेले साधारण 42 टक्के होते, इतर उपचारांनंतर 35 टक्के. त्यातले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले, हे लक्षात ठेवावं. ही जादू नव्हे. निम्म्याहून जास्त लोकांचं वर्षभरात काही ना काही घसरलंच. पण ‘काही सिद्ध नाही’ हे म्हणणं चूक.

पुडीत डायसल्फिरामसारखं औषध असलं आणि माणूस त्यावर प्यायला तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, क्वचित जीवही जातो. डॉक्टर ते देतात तेव्हा रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं देतात. वहिनी, आमटीत काहीही घालू नका.

त्यापेक्षा 14446 या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पडत नाहीत. घरच्यांसाठी ॲल-ॲनॉनच्या वेगळ्या मीटिंगा असतात. नवरा अजून पीत असला, स्वतः कुठंच जायला तयार नसला, तरी तुम्ही तिथं जाऊ शकता. पहिल्या गटात सूर जुळला नाही तर दुसरा बघा. प्रत्येक गटाची माणसं वेगळी असतात.