‘कॅप हा डॉक्टरांचा धंदा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘रूट कॅनाल केलंय? मग हे नक्की वाचा’ असा सहा मुद्द्यांचा मेसेज फिरत फिरत आमच्या घरच्या ग्रुपवर आला. एरवी डिलीट करून मोकळा झालो असतो. पण आमच्या आत्याचं खालच्या दाढेचं रूट कॅनाल (म्हणजे आतली नस काढून, नळ्या साफ करून भरणं) नुकतंच झालंय, आणि तिने हा मेसेज वाचून कॅपचं, म्हणजे दाढेवर बसवायच्या टोपणाचं, माप द्यायला जायचंच रद्द केलं. वर ‘डॉक्टर काय, सांगणारच’ असं मलाच ऐकवलं. मेसेजखाली सही कोणाची, तर ‘एक एमडी डॉक्टर’. नाव नाही, गाव नाही. दातांच्या डॉक्टरची पदवी बीडीएस असते, पुढे शिकला तर एमडीएस, एवढं तरी लिहिणाऱ्याने बघायचं होतं.

मेसेजमधला क्रम मी पाळत नाही. ज्या मुद्द्याने घरात नुकसान चाललंय तो आधी.

‘कॅप हा धंदा आहे. सिमेंट भरलं की काम झालं.’

रूट कॅनाल करावं लागतं तेव्हा दाढेचा बराच भाग किडीने आधीच खाल्लेला असतो. त्यात आतल्या नळ्यांपर्यंत पोचायला डॉक्टरांना वरून भोक पाडावं लागतं. मागे उरतात त्या भिंती, आणि त्यातलीही एखादी अर्धीच. आता चावताना काय होतं बघा. वरच्या दाढेचे उंचवटे खालच्या दाढेच्या मधोमध दाबले जातात आणि पाचर ठोकल्यासारखे त्या भिंतींना बाहेर रेटतात. दर घासाला, रोज, वर्षानुवर्षं. कॅप या भिंतींना बाहेरून आवळून धरते, एवढंच तिचं काम. भिंतीचा वरचा टवका उडाला तर दुरुस्ती होते. तडा मुळात उतरला तर बहुतेक वेळा दाढ काढण्यावाचून इलाज राहत नाही. मग रूट कॅनालचे पैसे पाण्यात, आणि पुढे ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) नाहीतर इम्प्लांट (हाडात रोवलेला कृत्रिम दात). धंदाच बघायचा असेल तर कॅप न बसवणाऱ्या पेशंटकडून जास्त होतो!

आणि हे फक्त माझं तर्कट नाही. सालेहराबी आणि रोटस्टीन या दोघा संशोधकांनी अमेरिकेतल्या दंतविम्याच्या नोंदींवरून रूट कॅनाल केलेल्या १४,६२,९३६ दातांचं पुढे काय झालं ते पाहिलं. अभ्यास २००४ साली ‘जर्नल ऑफ एन्डोडॉन्टिक्स’मध्ये आला. आठ वर्षांनंतर ९७ टक्के दात तोंडात शाबूत होते. जे काढावे लागले, त्यांतल्या ८५ टक्के दातांवर पूर्ण कॅप नव्हती. आता कोणी म्हणेल, मुळातच खिळखिळ्या दातावर डॉक्टर कॅप बसवत नसतील, म्हणून आकडा फुगला असेल. असेल थोडाफार. पण आत्याची दाढ खिळखिळी नाही. तिला तसं करायची घाई मेसेजला झाली आहे.

मेसेजमध्ये यातलं अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. प्रत्येक दाताला कॅप लागतेच असं नाही. समोरचा दात असेल, फारसा किडलेला नसेल, तर नीट भरलेलं पक्कं फिलिंग पुरतं. आणि महागातल्या महाग कॅपसाठी पेशंटला भरीस पाडणारे डॉक्टर आहेत, हेही नाकारत नाही. पण मागच्या दाढेला साधी धातूची कॅप उत्तम चालते. तिथे ती दिसते कोणाला? खर्चाचाच प्रश्न असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, तिथे खासगी दवाखान्यापेक्षा खूप कमी पैशांत काम होतं. वेळ मोडतो, चकरा होतात, पण दाढ वाचते.

एक मात्र लक्षात घ्या. दोन बैठकींच्या मध्ये भरतात ते सिमेंट तात्पुरतं असतं. ते झिजतं, कडेने सुटतं, आणि लाळेबरोबर जंतू पुन्हा आत उतरतात. ‘दुखत नाहीये, दिवाळीनंतर बघू’ म्हणत सहा महिने काढले की स्वच्छ केलेल्या नळ्या पुन्हा घाण होतात. पक्कं फिलिंग आणि कॅप यांचं काम काही आठवड्यांत उरकावं, आणि तोवर दुसऱ्या बाजूने चावावं.

‘नस काढली की दात किडत नाही, जास्त घासायची गरज नाही.’

हा मुद्दा वाचून मी खरोखर चिडलो. कीड नसेमुळे लागत नाही. दातावरच्या थरातले जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात, त्याने दात विरघळतो. आत नस असो नसो, बाहेरचं कवच तेच आहे. फरक एवढाच, की आता ठणका लागून कळणार नाही. कॅपच्या कडेखाली, हिरडीला लागून कीड गुपचूप वाढते आणि एक दिवस कॅपच दाताच्या तुकड्यासकट हातात येते. म्हणजे या दाताला काळजी कमी नाही, जास्त लागते: दोन वेळा फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश, शेजारच्या दाताच्या फटीत फ्लॉस (फटीतून फिरवायचा दोरा) किंवा बारीक ब्रश, आणि वर्षभराने एक एक्स-रे. एक्स-रेचं मी मनाने सांगत नाही, युरोपियन सोसायटी ऑफ एन्डोडॉन्टोलॉजी या रूट कॅनाल तज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत ते आहे. ज्यांना मिश्री लावायची सवय आहे त्यांनी ती सोडावी. तंबाखूने हिरडी गेली तर कॅप धरणार कशाला?

‘मेलेला दात म्हणजे शरीरातलं प्रेत. स्तनाचा कर्करोग झालेल्या ९७ टक्के स्त्रियांचं रूट कॅनाल झालेलं असतं.’

हा आकडा २०१८ च्या एका माहितीपटातून गाजला. डॉक्टरांच्या संघटनांनी आक्षेप घेतल्यावर नेटफ्लिक्सने तो माहितीपट २०१९ च्या फेब्रुवारीत काढून टाकला. त्यामागची कल्पना शंभर वर्षं जुनी. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या वेस्टन प्राइस नावाच्या दंतवैद्याने रूट कॅनाल केलेले दात उपटून सशांच्या कातडीखाली ठेवले, ससे आजारी पडले, आणि त्याने दोष रूट कॅनालला दिला. उपटताना त्याच दातांना तोंडातले जंतू लागत होते, त्याचं काय? पुढे इतरांनी काळजीपूर्वक प्रयोग केले तेव्हा ते निष्कर्ष टिकले नाहीत. पण तोवर त्या काळात अनेकांचे चांगले दात उगाच उपटले गेले. आणि साधा विचार करा: आपल्याकडे स्तनाचा कर्करोग होणाऱ्या कितीतरी बायकांनी रूट कॅनाल हे नावही ऐकलेलं नसतं.

‘प्रेत’ही खोटं. दाताच्या आतला गर जातो, पण मुळाभोवतीचा पडदा, हाड, हिरडी जिवंत असते. म्हणून तर या दाताने चावल्याचं कळतं.

उरलेलं भराभर. ‘त्याच बाजूने फुटाणे, ऊस चावा, दात मजबूत होतो’: हा स्नायू नाही. गंमत म्हणजे वर ज्याला प्रेत म्हटलं त्यालाच इथे व्यायाम सांगितलाय. ‘रोज रात्री लवंग तेलाचा बोळा’: लवंग तेलाने दातदुखी दबते हे खरं, डॉक्टरांच्या काही सिमेंटमध्येही त्यातलं युजेनॉल असतं. पण ते दाबणार ती दातातली नस, जी आता नाहीच. उलट रोजच्या बोळ्याने हिरडी भाजते.

शेवटचा मुद्दा, ‘नंतर दुखलं तर समजा विष पसरलं, दात काढून टाका.’ रूट कॅनालनंतर काही दिवस चावताना ठणकणं नेहमीचं आहे, डॉक्टरांनी दिलेल्या गोळीने ते उतरत जातं. गालावर सूज, ताप, हिरडीवर पू असलेली पुटकुळी, किंवा कमी होण्याऐवजी वाढत जाणारा ठणका असेल तर वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं. तेव्हाही अनेकदा रूट कॅनाल पुन्हा करून दात राखता येतो. आणि तोंड मिटताना तोच एक दात आधी लागतोय असं वाटत असेल तर फिलिंग उंच राहिलेलं असू शकतं. ते घासून बसवायला पाच-दहा मिनिटं पुरतात.