येशूची कबर काश्मिरात? आधी कान्हेरीला जाऊन या

गुड फ्रायडेच्या दुपारी गोराईहून मावशीचा फोन आला. उपासाची पेज तशीच झाकून ठेवलेली आणि बाई रडवेली. पुतण्याने व्हॉट्सअ‍ॅपवर काहीतरी ढकललं होतं. "अरे, प्रभू क्रुसावर मेलाच नाही म्हणे. काश्मिरात म्हातारा होऊन गेला. मग उद्या रात्री चर्चमध्ये मेणबत्ती कशाला पेटवायची?" काकांना जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. काका पुन्हा भेटतील ही तिची आशा त्याच मेणबत्तीवर उभी आहे. म्हणून माझं डोकं फिरलं.

फॉरवर्ड म्हणतो: येशू वाचला आणि श्रीनगरच्या खानयारमधल्या रोझाबल दर्ग्यात 'यूझ आसफ' नावाने पुरला गेला, पुनरुत्थान (मेलेला येशू पुन्हा उठणं) रोमनांचा देव मित्र (मिथ्रास) आणि इजिप्तचा देव ओसिरिस यांच्यावरून उचललं, ते 325 साली नायसियातल्या बिशपांच्या परिषदेत मतदानाने ठरलं, आणि शुभवर्तमानं (येशूची गोष्ट सांगणारी बायबलमधली चार पुस्तकं) एकमेकांशी जुळत नाहीत. आता गोष्ट जर 325 मध्ये रचली असेल, तर पहिल्या शतकात येशूला क्रुसावरून वाचवून काश्मीरला पाठवायची गरजच काय? लिहिणाऱ्याने स्वतःचा मजकूर तरी वाचायचा.

काश्मीरचं बघू. ही कबर येशूची, असं अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी 19व्या शतकाच्या अखेरीस मांडलं. पण 'यूझ आसफ' हे नाव आलं कुठून? बोधिसत्त्व या शब्दाचं अरबीत 'बूदासफ' झालं. अरबीत शब्दाच्या सुरुवातीच्या 'ब'खाली एक नुक्ता, 'य'खाली दोन. नुक्ता (अक्षराचा ठिपका) चुकला आणि बूदासफचा यूदासफ झाला, तोच हा यूझ आसफ. राजवाडा सोडून संन्यास घेणाऱ्या राजपुत्राची ही गोष्ट, म्हणजे आपला सिद्धार्थच. अरबी गोष्टीत तो शेवटी काश्मिरात मरतो. अभ्यासकांच्या मते ते कुशीनगरचंच बिघडलेलं रूप. गोष्टीचा अरबी पाठ 1888-89 मध्ये खुद्द मुंबईत शिळाछापावर निघाला. युरोपात पोचेपर्यंत राजपुत्राचा 'संत जोसाफत' झाला आणि रोमन संतसूचीत 27 नोव्हेंबरला जाऊन बसला. (आमच्या चर्चने नकळत बुद्धालाच संत केलं, हसायचं तर त्यावर हसा.) गोव्यात राहिलेला पोर्तुगीज इतिहासकार दिओगो दो कूतो तर लिहितो, की कान्हेरीची लेणी जोसाफतच्या बापाने मुलाला जगापासून दूर ठेवायला कोरली, असं मुंबईजवळच्या साष्टी बेटातल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, आणि हा जोसाफत बुद्धच असावा, असं कूतोलाही वाटलं. बोरिवलीच्या डोंगरात चारशे वर्षांपूर्वी लागलेला पत्ता पुतण्याला अजून लागलेला नाही.

मित्र आणि ओसिरिसवर वेळ घालवत नाही. रोमन शिल्पांतला मित्र खडकातून जन्मतो, त्याच्या मरणाची कथाच मिळत नाही. ओसिरिस मेल्यावर मृतांचा राजा होतो, जिवंतांत परत येत नाही.

नायसियाचं उत्तर एका पत्रात आहे. बायबलमधलं प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 15. साधारण इ. स. 54-55, म्हणजे क्रुसानंतर पंचवीसेक वर्षं आणि नायसियाच्या पावणेतीनशे वर्षं आधी. त्यात पौल उठलेल्या येशूला पाहिल्याचे साक्षीदार मोजतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, ज्यांतले बहुतेक अजून जिवंत आहेत असं तो बजावतो, मग याकोब, शेवटी स्वतः. आणि 'मलाही जे मिळालं ते मी तुम्हाला दिलं' असं सांगतो, म्हणजे पत्राहूनही ते जुनं. गलतीकरांच्या पत्रात तो केफाकडे यरुशलेममध्ये पंधरा दिवस राहिल्याचं आणि प्रभूचा भाऊ याकोब याला भेटल्याचं लिहितो. नायसियातला वाद वेगळाच होता: पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे की नाही.

चौथा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजाने मानतो. कबरीपाशी किती बाया गेल्या, देवदूत एक की दोन, यात चारही शुभवर्तमानं जुळत नाहीत. मार्कच्या सोळाव्या अध्यायाच्या शेवटच्या बारा ओळी सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीतच. आणि पौलाच्या यादीने मेलेला माणूस उठला हे सिद्ध होत नाही. आपण त्याला पाहिलं असं सांगणारी माणसं अगदी सुरुवातीपासून होती, एवढंच सिद्ध होतं. मला तेवढं पुरतं, पुतण्याला पुरेल असं नाही.

मावशीला फोनवर इतकंच म्हटलं, पेज खाऊन घे, उद्या रात्री मी येतो. पुतण्याला मात्र कान्हेरीला नेणार आहे. लेणी ज्यात आहेत ते नॅशनल पार्क सोमवारी बंद असतं, तेव्हा ईस्टर मंडे बाद.