गोगलगायीचा चिकटा आणि माझं तोंड

परवा आईने माझ्या कपाटातली बाटली उघडली, दोन बोटांत थेंब ताणून बघितला आणि म्हणाली, "हे काय गं शेंबडासारखं?" तोंडाला लावायचं कोरियन सीरम आहे, गोगलगायीचा चिकटा घातलेलं, म्हटल्यावर तिने साबणाने तीनदा हात धुतले आणि दोन दिवस माझ्या टॉवेलला शिवली नाही.

तर लिहितेच आता कोरियन स्किनकेअरवर. चार वर्षं वापरतेय, आणि "तू नक्की लावतेस काय?" हे इतक्या जणींनी विचारलंय की एकदाच सगळं सांगून मोकळी होते.

आधी माझं पाप. पस्तिशीत गालांवर वांगाचे डाग आले. मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेली एक ट्यूब आणली. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की लग्नाकार्यात बायका थांबवून विचारायला लागल्या. दीड वर्षं लावली. बंद केली त्या आठवड्यात तोंड लालभडक, पाणी लागलं तरी आग. त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूब बघितली आणि कपाळाला हात लावला. स्टेरॉइड होतं त्यात. 2018 मध्ये सरकारने अशी 14 स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असं ठरवलं, पण काउंटरवर "गोरं व्हायची क्रीम" मागितली की अजूनही काय हातात पडतं ते आपल्याला माहीत आहे. बरी व्हायला आठ महिने गेले. ते श्रेय डॉक्टरांचं, कोरियाचं नाही. गडबड नको.

कोरिया आला तो रांजणगावातून. मी तिथे एका कोरियन कंपनीत आहे. सोलहून सहा महिन्यांसाठी आलेली एक सहकारी संध्याकाळी बस सुटायच्या आधी वॉशरूममध्ये तोंड धुवायची, आणि मी बघत राहायची. कोरड्या चेहऱ्यावर आधी तेल, तोंड धुवायचं खास, पाण्यात मिसळणारं. बोटांच्या टोकांनी, अगदी हलकं, बाळाला लावावं तसं. मग ओल्या हाताने फिरवलं की ते तेल दुधासारखं पांढरं व्हायचं आणि त्याच्याबरोबर नगर रोडची अख्खी धूळ उतरायची. मग थोडासा फेस. टॉवेल घासणं नाही, नुसतं टिपणं. आणि चेहरा ओलसर असतानाच तळहातावर टोनर घेऊन गालांवर दाबायचा. एकदा माझा हात धरून स्वतःच्या गालाला लावला आणि म्हणाली, "छोक-छोक". म्हणजे ओलसर, टवटवीत. गोरं नाही, ओलसर! मला तो शब्दच औषधासारखा लागला.

कारण आपण आयुष्यभर काय केलं? घासलं. अंगाचाच साबण तोंडाला, वर लिंबू, वर अक्रोडाचा स्क्रब. धुतल्यावर कातडी ताणली की "स्वच्छ झालं" वाटायचं. खरं म्हणजे त्वचेचा पीएच पाचच्या आसपास, किंचित आम्ल, साबणाचा नऊ-दहा. ताणल्यासारखं वाटतं तेव्हा वरचं संरक्षक तेलकट अस्तर धुऊन गेलेलं असतं. ते गेलं की पाणी उडतं, खाज येते, पुरळ येतं. आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीची तऱ्हा अशी की पुरळ आठवड्यात जातं, पण त्याचा काळा डाग महिनोन्‌महिने बसून राहतो. म्हणून कातडीला मुळात न चिडवणं हे आपल्यासाठी जास्त मोलाचं. कोरियन पद्धतीत मला सापडला तो फायदा हाच.

बरं, आधी तेल मग धुणं हे आपल्याला नवं आहे का? नरक चतुर्दशीला काय करतो? तेल, मग उटणं. कोरियातही जुन्या काळी मूग आणि लाल चवळीसारख्या दाण्यांचं पीठ करून तोंड धुवायचे, तांदळाचं धुवणही वापरायचे. (म्हणून उद्या खोबरेल थापू नका. ते पाण्यात विरघळत नाही, तोंडावरच राहतं, आणि मुरमं असतील तर वाढवतं.) त्यांच्या निम्म्या बाटल्यांवर जी "सेंटेला" लिहिलेली असते ती म्हणजे आपली मंडूकपर्णी. बरेच जण तिलाच ब्राह्मी म्हणतात. आजोळी विहिरीजवळ पायाखाली यायची, तीच मी आता बाराशे रुपयांना आणते.

एकावर एक दहा गोष्टी लावायच्या, हे दहा पायऱ्यांचं खूळ मात्र सोडा. त्याचा गाजावाजा कोरियापेक्षा अमेरिकेत जास्त झाला. माझी ती मैत्रीण चार गोष्टी लावायची, रविवारी पाचवी. मी सकाळी नुसतं पाणी, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. रात्री तेल, फेसवॉश, नायसिनामाइडचं (बी3 जीवनसत्त्वाचा एक प्रकार) सीरम, मॉइश्चरायझर. गोगलगाय ओलावा धरायला छान आहे, त्यापुढचे तिचे दावे मी मनावर घेत नाही. जाहिरातींतली ती कोरियन काचेसारखी त्वचाही विसरा. त्वचेला रंध्रं असतात, असू देत. आणि कोरियन लोक गोरेपणाच्या वेडातून सुटलेत असंही नाही. त्वचा उजळवणारी प्रसाधनं हा तिथे कायद्यातच वेगळा गट आहे.

पैसे घालायचेच तर सनस्क्रीनवर घाला. इथे मात्र कोरियन लोकांना तोड नाही. आपल्याकडची जुनी सनस्क्रीन लावली की दशावतारातला रंग फासल्यासारखं दिसायचं, म्हणून कुणी पुरेशी लावायचंच नाही. यांची क्रीमसारखी मुरते. एसपीएफ 50 आणि पीए (म्हणजे यूव्हीए किरणांपासूनचं संरक्षण) पुढे चार अधिक चिन्हं बघा, कारण वांग असलेल्यांना यूव्हीए किरणांपासूनही तितकंच जपायला हवं. "टोन अप", म्हणजे चेहरा उजळ दाखवणारी, असं लिहिलेली टाळा, आपल्यावर राखाडी दिसते. दोन बोटांवर पूर्ण दोन रेघा, चेहरा आणि मानेला. वाटाण्याएवढी लावून "काही फरक नाही" म्हणू नका. आणि डोळे झाकून विश्वासही नको: 2020 च्या डिसेंबरात तिथल्याच एका लोकप्रिय सनस्क्रीनचा एसपीएफ तपासला तर लिहिलेल्या 50 ऐवजी 19 च्या आसपास निघाला होता.

अजून एक. पार्सल उघडल्यावर मागची तारीख बघून मी एकदा विक्रेत्याशी कडाडून भांडले होते. एक्स्पायर झालेला माल पाठवलाय म्हणून. ती उत्पादनाची तारीख होती. कोरियन अक्षरांत "जेजो" म्हणजे बनवल्याची, "क्काजी" म्हणजे इथपर्यंत. माफी मागितली बिचाऱ्याची. मात्र आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक नसलेली बाटली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, आणि नवं काहीही आधी कानामागे लावून दोन-तीन दिवस बघा.

आई? गेल्या आठवड्यात कुरडया घालायला गच्चीवर निघाली, तर जिन्यातून परत आली. "ते तुझं उन्हाचं दे जरा. पण त्यात गोगलगाय नाही ना?" नाही म्हटलं, तांदूळ आहे. "मग असू दे," म्हणाली आणि दोन बोटं पुढे केली.