वीस शिलिंगांसाठी राजाशी भांडण

"वीस शिलिंगांसाठी कुणी राजाविरुद्ध कोर्टात जातं का रे?" अण्णांनी चहाचा ग्लास कट्ट्यावर ठेवला आणि काल रात्रीचा वाद सुरू झाला.

गेला होता ना, इंग्लंडमधला जमीनदार आणि खासदार जॉन हॅम्पडन. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सनं 1629 मध्ये पार्लमेंट बरखास्त केली आणि पुढची अकरा वर्षं बोलावलीच नाही. पार्लमेंटशिवाय नवा कर बसवता येईना, म्हणून जुनी दप्तरं उपसली. वर्षाला 40 पौंडांची जमीन आहे आणि राज्याभिषेकाला 'नाइट' व्हायला, म्हणजे राजाकडून सरदारकीचा किताब घ्यायला, आला नाहीस? भर दंड. कधीकाळी राजाचं जंगल असलेल्या जागेत तुझी वहिवाट आहे? भर दंड.

सगळ्यांत मोठी वसुली 'शिप मनी'ची, म्हणजे जहाजपट्टीची. धोक्याच्या वेळी बंदरांनी राजाला जहाजं पुरवायची, असा जुना रिवाज. चार्ल्सनं 1634 मध्ये किनाऱ्यावर पट्टी लावली आणि 1635 मध्ये ती साऱ्या देशावर पसरवली. हॅम्पडनचं बकिंगहॅमशायर तर समुद्रापासून आत. त्याच्या एका जमिनीवर आकारणी आली वीस शिलिंग, म्हणजे एक पौंड. त्यानं ती भरली नाही आणि प्रकरण कोर्टात गेलं.

"पण पैसा आरमारालाच गेला ना?" अण्णा म्हणाले. "समुद्रात चाचे होते, माणसं पळवत होते. राजानं काय बघत बसायचं?"

हे खरं आहे. त्या पैशातून खरोखरच जहाजं समुद्रात उतरली. पण मला झोंबतं ते वेगळंच. धोका आला आहे, हे ठरवायचं कुणी? राजाचे वकील म्हणत होते, एकट्या राजानं. मग दर वर्षी धोका येणार आणि दर वर्षी पट्टी निघणार! तशी ती निघालीच.

"निकाल राजाच्याच बाजूनं लागला की," आमच्या कट्ट्यावरच्या वकीलसाहेबांनी आठवण दिली.

लागला, 1638 मध्ये. बारापैकी सात न्यायाधीश राजाकडे, पाच हॅम्पडनकडे. राजानं नेमलेल्या बारांतले पाच! पुढच्या वर्षी वसुली पार बसली.

इतका वेळ गप्प असलेला आमचा किराणावाला मित्र मिऱ्यांची गोष्ट ऐकून मात्र उठून बसला. 1640 मध्ये स्कॉटलंडशी लढाई पेटलेली, तिजोरी रिकामी. चार्ल्सनं ईस्ट इंडिया कंपनीचे मिरे सुमारे 63 हजार पौंडांना उधारीवर उचलले आणि सुमारे 50 हजारांना रोखीनं विकून टाकले.

"उधारीचा माल पडत्या भावानं रोखीत?" तो म्हणाला. "अण्णा, बाजारात असं दिसलं की आम्ही त्या माणसाला माल देणं बंद करतो."

अण्णा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि तुझा हॅम्पडन?"

त्याच वर्षी राजाला पार्लमेंट बोलवावी लागली आणि 1641 मध्ये तिनं जहाजपट्टी बेकायदा ठरवली. जानेवारी 1642 मध्ये चार्ल्स सैनिक घेऊन स्वतः सभागृहात शिरला, पाच खासदारांना धरायला. त्यांत हॅम्पडन होता. पण पाचही जण आधीच टेम्स नदीतून होडीनं निसटले होते.

"होडीनं?" अण्णा म्हणाले. "बरं झालं."